रंगीत तालीम

३ मार्च
लेकीचा कान पुन्हा सुजला. डॉक्टर म्हणाले, समुद्रात पोहणं बंद. पोर हमसून हमसून रडली. मला बघवेना. नाल्यातून किनाऱ्यावर घाण कोण सोडतं, ते मी शोधून काढणारच! तिच्या कॉलेजच्या ‘किनारा बचाव युवा मंचा’चं अध्यक्षपद आजच स्वीकारलं. कोणी देऊ केलं नव्हतं, पण मुलं लाजाळू आहेत. वय चव्वेचाळीस. तरुण मनाने असावं लागतं.

५ मार्च
बैठक. मी पाऊण तास बोललो. मुलं मोबाइलमध्ये भराभर नोट्स घेत होती. अधूनमधून हसतही होती. संशयित एकच, नाल्यापलीकडचा हॉटेलवाला. पुरावा : त्याचं तोंड. लेक म्हणाली, बाबा, तोंडाचं राहू द्या, टेस्ट करू. लॅबमधला हिरवा रंग त्याच्या टॉयलेटमध्ये टाकून फ्लश करायचा. नाल्यात हिरवं पाणी आलं, की चोर सापडला. कल्पना तिची, पण संस्कार कोणाचे?

८ मार्च, दुपार
रंग आला. उद्या मोहीम. टाकायचं काम अर्थात अध्यक्षांकडे. एवढी जोखमीची कामगिरी सरावाशिवाय? छे! आपल्याच टॉयलेटमध्ये रंगीत तालीम उरकली. अर्धी बाटली, एक फ्लश. नेम अचूक. बायको म्हणाली, आता कमोड घासून ठेवा. मोठ्या कार्याला घरून पाठिंबा नसतोच.

८ मार्च, संध्याकाळ
विजय! नाला हिरवागार! हॉटेलवाल्याचं पाप इतकं, की रंग टाकायच्या आधीच उघडं पडलं. ताबडतोब नगरपालिकेच्या साहेबांना फोन केला. लेकीला नाला दाखवला. ती बघतच राहिली. मग विचारते, बाबा, बाटली अर्धी कशी? आनंदाने मुलांना भलतंच काहीतरी सुचतं.

९ मार्च
साहेब आले. हॉटेलात रंग टाकला. नाल्यात काही नाही. पुन्हा टाकला. काही नाही. हॉटेलवाल्याची जमिनीखाली मैल्याची चांगली ऐसपैस टाकी निघाली. मी म्हटलं, सेटिंग आहे. तेवढ्यात लेक उरलेली बाटली घेऊन तडक आपल्या घरात शिरली. थोड्याच वेळात नाल्यावरची मुलं ओरडली, हिरवं! हिरवं!
आपली टाकी तुंबली तेव्हा पाइप नाल्यात सोडायला मीच सांगितलं होतं, ही माहिती बायकोने साहेबांना दिली. कोणी विचारलं नव्हतं. मी स्पष्ट केलं, की ती सोय तात्पुरती होती. साहेबांनी विचारलं, किती वर्षांपासून तात्पुरती? त्यांनी पाइप बुजवला.
लेक एवढंच म्हणाली, बाबा, माझा कान. फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

१० मार्च, सकाळ
नवी टाकी होईपर्यंत घरचं टॉयलेट बंद. हॉटेलवाला स्वतः येऊन म्हणाला, आमच्याकडे या, अगदी आपलंच समजा. आई आणि बायको केव्हाच जाऊन आल्या. मी तत्त्वासाठी थांबलो होतो. नऊपर्यंत तत्त्व टिकलं.
गेटमधून बाहेर पडताना लेकीने मागून हाक मारली. कालपासून पहिल्यांदाच बोलत होती. वाटलं, विरघळली.
म्हणाली, बाबा, तिथे बिनधास्त फ्लश करा. ते पाणी समुद्रात जात नाही.