बिबड्यांचं प्रकरण

रावेर, २ मार्च २०२४

चि. कामिनीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा तुझ्या भावाने, योगराजने, तो माझ्या कानाशी धरला. पण मला नुसती भुणभुण ऐकू आली. कान आता पुरते गेले. तेव्हा आपली पत्रंच बरी.

पुस्तक झालं म्हण. तीस वर्षं खानदेशात गावोगाव बायांना गृहविज्ञान शिकवत फिरले. फिरताना त्यांच्याकडून जे शिकले, ते एकशेचार पदार्थ रीतीभातींसकट लिहून काढले. फक्त बिबड्यांचं, आपल्या ज्वारीच्या पापडांचं, प्रकरण कोरं आहे. त्याला हात लावायला मन धजत नाही.

१९८२ साली सोनगीरला बायांचा मेळावा होता. शेवंताबाई नावाची विशीतली सून बिबड्या करून दाखवायला तीन दिवस भिजवलेली ज्वारी घेऊन आली. त्या ज्वारीला आंबूस वास होता. मी नुकती शिकून आलेली, ताठ. सगळ्यांसमोर म्हणाले, हे सडकं आहे, लेकरांना घालू नका. बाया तिला हसल्या. पुढे मलाच कळलं की आंबवल्याने धान्याचा कस वाढतो. पण झाली चूक मी कुणापाशी बोलले नाही.

धुळ्याहून सोनगीर कितीसं लांब? शाळेत शिकवण्यातून सवड काढून ती अजून आहे का बघ. सोबत माफीची चिठ्ठी ठेवली आहे, तिला वाचून दाखव. कृती तिच्याच नावाने छापायची आहे.

जिवाला जप, आणि म्हातारीचा कंटाळा करू नकोस.
तुझी, सुलक्षणाआत्या


धुळे, १२ मार्च २०२४

ती. आत्यास, कामिनीचा सा. न. वि. वि.

एकशेचार पदार्थ लिहिलेस आणि सख्ख्या भाचीला धड वरण शिकवलं नाहीस, हे आधी नोंदवून ठेवते.

शेवंताबाई भेटल्या. धडधाकट आहेत. मी चिठ्ठी वाचली तेव्हा त्या गहू निवडत होत्या. हात थांबला नाही. मग म्हणाल्या की त्या दिवशी घरी गेल्यावर सासूने सगळी ज्वारी म्हशींपुढे ओतली. शिकलेली बाई खोटं कशाला बोलेल, म्हणाली. तेव्हापासून त्या घरात बिबड्या झाल्या नाहीत. सून ज्योती आता बाजारातून आणते.

निघताना त्यांनी निरोप दिला, तो जसाच्या तसा लिहिते: “तिले सांग, कागद नको धाडू. बठ्ठास्ना म्होरे बोलनी व्हती, आते बठ्ठास्ना म्होरे ये.”

आत्या, खरं सांगू? अशी सगळ्यांसमोर उभी राहायला येऊ नकोस. ऊन तापलंय, तुला ऐकू येत नाही, आणि तिथल्या बाया काय बोलतील कोण जाणे. त्या प्रकरणावाचून पुस्तकाचं काही अडत नाही.

राग मानू नये. माया आहे तशीच असू द्यावी.
कामिनी


रावेर, १९ मार्च २०२४

चि. कामिनीस, आशीर्वाद.

पहिले दोन दिवस चिडले. तिसऱ्या दिवशी वाटलं, चिठ्ठी पाठवली तोच भित्रेपणा होता. योगराजने कागदावर लिहून दाखवलं, की सत्तरीत कशाला स्वतःची शोभा करून घेतेस? मी त्याखाली लिहिलं, अठ्ठाविसाव्या वर्षी करायची राहिली म्हणून.

मंगळवारी सकाळच्या गाडीने निघते. मला सोनगीरला सोड आणि तुझ्या शाळेला जा. धाकधूक आहे, पण येते.
आत्या


सोनगीर, ३० मार्च २०२४

चि. कामिनीस, अनेक आशीर्वाद.

तू परीक्षेच्या घाईत पळालीस, म्हणून पुढचं कळवते. मारुतीच्या पाराजवळ वीसेक बाया जमल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, त्या दिवशी मी इथे चुकीचं बोलले. ज्वारी सडकी नव्हती, माझंच शिक्षण कच्चं होतं. शेवंताबाईंचा मी अपमान केला, त्यांनी मला माफ करावं. कोण काय बोललं ते ऐकू आलं नाही, नुसते चेहरे दिसले. मग शेवंताबाई उठून आल्या आणि माझ्या कानात अशा ओरडल्या की मलाही कळलं: “हाई बोलाले तुले इतला वरीस लागनात का?” मी म्हटलं, हो, इतकी वर्षं लागली. त्यांनी माझा हात धरला आणि घरी नेलं.

कृती मात्र त्या तोंडी सांगेनात, करूनच दाखवते म्हणाल्या. संध्याकाळी ज्वारी धुऊन भिजत घातली. रोज सकाळी पाणी बदलायचं आणि वास घेऊन बघायचा. आज दळून, लसूण-मिरची घालून पीठ शिजवायला घेतलं, तर सगळ्या गुठळ्या! शेवंताबाई मटकन खाली बसल्या. बेचाळीस वर्षांत त्यांचाही हात विसरला होता. त्यांचे डोळे भरले, आणि हे माझ्यामुळे झालं म्हणून मीही त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

तेवढ्यात शेजारच्या भिकुबाई काठी टेकत आल्या. पाणी किती आणि आच किती, ते त्यांना आठवत होतं. ओल्या फडक्यावर थापायची सफाई शेवंताबाईंच्या बोटांत होती. दुसऱ्या खेपेला पीठ तुकतुकीत झालं. त्यातलं थोडं आम्ही गरम-गरमच तेल घालून खाल्लं. मग पुढच्या खेपेला ज्योतीने आपण होऊन पीठ ढवळायचा लाकडी चाटू मागितला. शेवंताबाईंनी तिला दिला आणि स्वतः बाजूला सरकल्या.

गच्चीवर धोतरावर बिबड्या वाळत आहेत. उद्या आणखी चार घरांत ज्वारी भिजणार, आणि मला सगळीकडे बोलावणं आहे. तेव्हा योगराजकडून माझ्या दोन सुती साड्या मागवून पाठव, आणि पुस्तक छापणाऱ्यांना सांग की आत्या एवढ्यात परतत नाही.

तुझ्यावरची माया कधी पातळ व्हायची नाही.
तुझी, आत्या