समुद्रसापांनी नेलेली माझी बहीण

वैशू,

काल मालवणहून परतले. तुझी खोली रिकामी केली, किल्ली घरमालकांना दिली. इकडे मखमलाबादला मळ्यात शेवंतीची तोडणी चालू आहे, पण माझा हातच चालेना. म्हणून लिहायला बसले. भांडायचंय तुझ्याशी. तू होतीस तेव्हा दोन दिवसांच्या दिवाळीत भांडायला वेळ तरी कुठे मिळायचा?

तुझ्या दहाव्याला जो तो हेच विचारत होता, "साप चावला का हो?"

आबा सांगून सांगून दमले. "नाय हो. ताप अंगात मुरला. साप तिला कधीच नाय चावले." आणि हे सांगताना आवाजात काय होतं, माहितीये? अभिमान! त्या दिवशीसुद्धा!

इतकी वर्षं पहाटे टेम्पोत फुलं भरून मार्केटला मी जाते, वैशू. तिथे आबा व्यापाऱ्यांना तुझंच सांगायचे. "आमची धाकटी दर्यातल्या सापांवर अभ्यास करती. लय जहरी असत्यात. नागापेक्षा जहरी!" आणि शेजारी मी उभी असले की, "ही मोठी. ही घरीच असती."

जळायचे मी. तुझ्यावर जळायचे, आणि त्या सापांवर जास्त. मी फोनवर आईच्या गुडघ्यांचं सांगायला जावं, तर तू म्हणायचीस, "ताई, त्यांची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते गं! आणि पिल्लं पाण्यातच होतात. जमिनीवर यायची गरजच नाही त्यांना!"

गरजच नाही. किती आनंदानं सांगायचीस!

पण खरी जळले ते तुझ्या मालवणच्या रखमामावशीला बघून. त्यांच्याच होडीवरून तू जायचीस ना, जाळ्यात आलेले साप मोजायला, सोडवायला? तुला ताप भरला तेव्हा पेज भरवली त्यांनी. हॉस्पिटलात तुझा हात त्यांच्या हातात होता. मी नाशिकहून पोचेपर्यंत तू गेलेली. का थांबली नाहीस गं?

सामान आवरताना मावशींनी तुझी निळी कानटोपी उचलली. "ही माझ्याकडे रवांदे काय?" म्हणाल्या.

मी म्हटलं, "नको. आमच्याकडे तिचं फार काही उरलं नाही."

त्यांनी टोपी घडी करून माझ्या पिशवीत ठेवली. वर माशाचं कालवण करून जेवायलाही वाढलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान मला होडीतून घेऊन गेले. जाळं वर आलं, आणि माशांत तो होता. राखाडी, अंगावर काळे पट्टे. फळीवर त्याला धड सरपटताही येईना. नुसता वळवळत होता. खरं सांगू? मनात आलं, राहू दे इथेच. तू गेलीस, मग यानं का जगावं?

काकांनी काठीच्या आकड्यानं त्याला जाळ्यातून अलगद सोडवलं. "आदी गावलो की आम्ही मारूचो," ते म्हणाले. "तुझ्या भयणीन शिकवल्यान सोडूक."

पाण्यात पडल्यावर तो बुडालाच नाही. तसाच तरंगत राहिला. मग नाकाचं टोक वर काढून त्यानं श्वास घेतला. तू सांगितलं होतंस, आयुष्यभर समुद्रात राहतो, पण श्वासाला वर यावंच लागतं. तेव्हा मी नुसतं 'हं हं' केलं होतं. आता डोळ्यांनी बघितलं. शेपटी एकदा हलली आणि तो खाली गेला. किती देखणा होता, वैशू! मी मोठ्यानं रडले. काकांनी इंजिन बंद केलं आणि तोंड फिरवून बसले.

इतकं होऊनही टोपी मी दिली नाही. आत्ता माझ्या मांडीवर आहे. द्यायला हवी होती, कळतं. पण देववली नाही.

ऐक. शेवंतीचा हंगाम सरला की आबांना घेऊन मालवणला जाणार आहे. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. मावशींकडून तुझ्या तिकडच्या सगळ्या गोष्टी ऐकणार, न जळता ऐकायचा प्रयत्न करणार. बदल्यात त्यांना इकडच्या सांगेन. तू विहिरीत उडी मारलीस आणि आबा चपलेसकट मागून पडले, ते सांगेन. पण लहानपणी माझ्या वेणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय तुला झोप यायची नाही, ते कुणालाच सांगणार नाही. ते माझं आहे.

अजूनही जळणारी,
तुझी ताई