बाळंतिणीची खोली

प्रिय अब्बा,

सलाम. युसूफभाईने फोटो पाठवला. माझ्या बाळंतपणासाठी तुम्ही गच्चीवर खोली बांधलीत, भिंतींना पिस्ता रंग दिलात, वर आपल्याच दुकानातले नवे पत्रे चढवलेत. पाळण्याचा हूक म्हणे तुम्ही स्वतः ठोकलात. फोटो पाहून मला भरून आलं आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही.

दुकानात तुम्ही सगळ्यांना सांगता, मुलगी उपग्रह चालवते. मी काही चालवत नाही. उपग्रहाने पाठवलेल्या चित्रांवरून जमीन किती तापली ते बघते. शुक्राकडे यानं गेली, तेव्हा तिथली हवा उष्णता कशी कोंडून धरते ते नीट कळलं. मग शास्त्रज्ञ आपल्या पृथ्वीकडेही जास्तच काळजीने बघू लागले. या आठवड्यात मी पुण्याचे वीस उन्हाळे शेजारी शेजारी लावले. कात्रजच्या डोंगराकडे अजून जरा बरं आहे. आपली पेठ मात्र लालच लाल होत गेलीय. त्यात एकेक घर ओळखू येत नाही, तरी मी खुळ्यासारखी आपली गच्ची शोधत बसते. उठते, पाणी पिते, पुन्हा येऊन बसते. तुझं अहमदाबाद काय महाबळेश्वर आहे का, असं तुम्ही विचारालच. नाही. पण इथे आमच्या डोक्यावर आणखी दोन मजले आहेत.

माझे दिवस मे महिन्यात भरतात, आणि अम्मी गेली तोही मे महिनाच होता. गच्चीवर तेव्हा नुसती पत्र्याची शेड होती आणि ती दुपारभर तिथे शिलाई मशीन चालवायची. डॉक्टर म्हणाले हृदय, तुम्ही म्हणालात अल्लाची मर्जी. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं, ते तुम्हीही हात लावून पाहिलं होतंत. तुम्हाला दोष देत नाही अब्बा. तेव्हा आपल्याला कुणालाच कळलं नाही.

फोनवर हा विषय काढला की तुम्ही ‘जेवलीस का’ विचारता आणि फोन भाईकडे देता. म्हणून लिहितेय. मला माहेरीच यायचंय, पण त्या खोलीत मी राहणार नाही. खाली गोदामातले पत्रे हलवून मला तिथे जागा करा. लोक हसले तर हसू देत. जमणार नसेल तर मी इथेच थांबेन, तुम्ही रागावलात तरी. मुलगी झाली तर मदिना नाव ठेवायचं आम्ही ठरवलंय, आणि अम्मीचं नाव पुन्हा त्या पत्र्याखाली न्यायची माझी हिंमत नाही.

तुमचीच,
रझिया