माझ्या पतीचा हात थरथरत नव्हता

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमालकाची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. मनात राग धरून लिहिलेले मृत्युपत्र चालते का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, "बाई, राग नसता तर निम्मे लोक आमच्याकडे आलेच नसते." म्हणून मी तो लपवलेला नाही.

१. गॅरेजच्या वरच्या दोन खोल्या, त्यांतील सामान आणि बँकेतील ठेव माझ्या धाकट्या बहिणीस द्यावी. हे गेले तेव्हा ती तीन दिवस राहिली आणि तिन्ही दिवस मला "रड गं, मोकळी हो" म्हणत राहिली. मला रडायचे नव्हते, झोपायचे होते. तरी तिने भांडी घासली, चादरी धुतल्या, ते माझ्या लक्षात आहे. खोल्या भाड्याने द्यायच्या असतील तर जिन्याची हलणारी पायरी आधी बसवून घ्यावी.

२. यांचे कामाचे कपडे कोणाला देऊ नयेत. धुऊन, फाडून गॅरेजमध्ये हात पुसायला वापरावेत. कापड चांगले आहे.

३. माझ्या दिरास यातले काहीही मिळू नये. पाना नको, स्क्रू नको, बसायचे स्टूलही नको. त्याचे कारण मी इथे लिहून ठेवते, कारण तो ते कधी सांगणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी वीटभट्टीवाल्याचा जुना ट्रॅक्टर आमच्याकडे आला. इंजिनाचे लायनर झिजले होते. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती लोखंडी नळी. तिच्या बाहेरून पाणी खेळते, आणि ते खाली ऑइलमध्ये उतरू नये म्हणून तिला रबरी रिंगा असतात. सोमवारी यांनी चारही जुने लायनर पुलर लावून हळूहळू ओढून काढले. दिराला हातोड्याने ठोकून काढायची सवय होती, पण यांच्यासमोर त्याची छाती होत नसे. मग यांनी नवे लायनर बसायच्या जागा अशा घासल्या, की मी वाकून बघू लागले तर म्हणाले, "बोट लावू नकोस."

मंगळवारी माझ्या डोळ्याचे ऑपरेशन होते. मला घेऊन दवाखान्यात निघताना यांनी दिराला माझ्यासमोर सांगितले, "रिंगांना साबणाचं पाणी लाव, ग्रीस नको. लायनर बसले की ब्लॉकमध्ये पाणी भर आणि उद्या सकाळपर्यंत सोड. सकाळी खालून हात फिरव. कोरडा आला तरच पिस्टन घाल, खालचं ऑइलचं चेंबर चढव."

"दादा, मी काय काल आलोय का?"

"काल आला असतास तर बरं होतं. नवा माणूस ऐकतो तरी."

इतर गॅरेजांत कोणी पाण्यासाठी इतके थांबत नाही. आमच्या गॅरेजमध्ये मात्र त्या थांबण्याला गिऱ्हाइकाच्या घाईपुढे कधी सुट्टी मिळाली नव्हती.

ट्रॅक्टर बुधवारी दुपारी फाटकाबाहेर गेला. गॅरेजची वही मी लिहीत असे, पण माझ्या डोळ्यावर पट्टी होती, म्हणून ती नोंद दिराच्याच अक्षरात आहे. सकाळपर्यंत थांबला असता तर इंजिन गुरुवारच्या आधी जोडून झाले नसते. म्हणजे त्याने पाणी भरलेच नाही. "भरलं का?" असे मी त्याच दिवशी, दवाखान्यातून घरी येताच, विचारले होते. "भरलं हो वहिनी, तुम्ही डोळा सांभाळा," म्हणाला.

नवव्या दिवशी तो ट्रॅक्टर दोरीने ओढत परत आला. ऑइल दुधासारखे पांढरे, बेअरिंग गेलेले, क्रँक जाम झालेला. उघडल्यावर तिसऱ्या लायनरची रिंग कापलेली निघाली. वीटभट्टीवाला आकाशपाताळ एक करत होता, रस्त्यावरची माणसे आत आली होती. दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "दादांचा हात हल्ली थरथरतो. मी बसवतो म्हणालो होतो, ऐकलं नाही."

यांनी हात पुसले. मग खाली बसून बोल्ट गोळा करू लागले.

जेवताना मी विचारले, "तोंडाला कुलूप लागलं होतं का तुमच्या?"

म्हणाले, "मला एकट्याला ब्लॉक उचलवत नाही."

या उत्तराबद्दल मी यांनाही माफ केलेले नाही.

त्यानंतर येणारा प्रत्येक जण फाटकातूनच विचारी, "लायनर धाकटे बसवणार ना?" तीस वर्षे इंजिने बांधलेला माणूस कोपऱ्यात बसून डिझेलमध्ये सुटे भाग धूत असे. माझी नजर ऑपरेशननंतरही अधूच राहिली, म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत माझ्या सुईत दोरा हेच ओवून देत. पहिल्या खेपेला.

आठ महिन्यांपूर्वी हे गेले. भेटायला येणाऱ्यांना दीर दारात उभा राहून सांगत होता, "हात तेवढा थरथरायचा, बाकी माणूस सोन्यासारखा." हा कागद लिहायचा, हे मी त्या दारातच ठरवले.

४. गॅरेज, खालची जागा आणि सर्व हत्यारे दिराच्या मुलीस द्यावीत. तिला यांनी शिकवले आहे. लायनर बसला की त्याची कड ब्लॉकच्या किंचित वर राहावी लागते. ती आधी नखाने बघते, मग मापाने, आणि दोन्ही जुळले तरच पुढे जाते. बापाने कितीही घाई केली तरी पाणी भरून सकाळपर्यंत थांबते. माझे वैर तिच्या बापाशी आहे. तिला हे सांगितले तेव्हा म्हणाली, "म्हणजे काकू, बाबा माझ्या हाताखाली?"

मी म्हटले, "ठेवायचा तर ठेव. किल्ल्या देऊ नकोस."

मात्र अट अशी. दिराने कलम तीन पूर्ण वाचावे आणि खाली साक्षीदार म्हणून सही करताना ते खरे की खोटे, हे स्वतःच्या अक्षरात लिहावे. ती जागा कोरी राहिली तर गॅरेज हत्यारांसकट भंगारवाल्यास विकावे आणि येईल ते डोळ्यांच्या दवाखान्यास द्यावे. यात नुकसान पुतणीचे आहे, हे मला कळते. ती म्हणाली, "माझं सगळं बाबांच्या पेनात अडकवलंत." मी नाही म्हटले नाही. यांचेही अकरा वर्षे त्याच्या जिभेवर अडकले होते.

वकिलांचे म्हणणे, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. तेव्हा दिराइतका योग्य साक्षीदार मला दुसरा सापडला नाही.

५. त्याने सही केली तरी आमचे मिटले, असे कोणी सांगत फिरू नये. मी गेल्यावर आल्यागेल्याशी बहिणीने बोलावे. दिराने मागे बसावे.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचायला दिला आणि त्यांच्यासमोर सही केली.

स्थळ: गॅरेजची पुढची खोली
दिनांक: १७ मार्च, दुपारी चार
(सही)

साक्षीदार पहिले, डॉक्टर:
बाईंना तपासले. बुद्धी शाबूत आहे. त्यांनी माझ्यासमोर सही केली.
(सही)

साक्षीदार दुसरे, दीर:
कलम तीन वाचले. त्यात एक चूक आहे. पाणी मी भरले होते. तासाभराने खालून हात फिरवला, तिसऱ्याखाली ओला आला. लायनर परत काढला असता तर रिंग माझ्या हातून कापली, हे दादांना सांगावे लागले असते. पुसून घेतले आणि चेंबर चढवले. बाकी सर्व खरे आहे.
(सही)