चाळीस मिनिटांची वाट

३ मार्च
आज काउंटरवर एका बाईंनी विचारलं, "पलीकडच्या विमानतळावर पोचायला किती वेळ?" म्हटलं, "विमानानं चाळीस मिनिटं. रस्त्यानं डोंगराला वळसा — दहा तास." बाई हसल्या. "मग काय, डुलकी लागेपर्यंत पोचलोच की."
ऑगस्टमध्ये आमचे हे चाळीस मिनिटांसाठीच विमान घेऊन निघाले. मागं औषधांची खोकी, दुसरं कुणी नाही. अजून पोचायचेत.

४ मार्च
विमानाचा आवाज आला की सासूबाई दार उघडतात. आजही उघडलं.

७ मार्च
नणंदेचा फोन. ती पलीकडच्या विमानतळावर रेडिओवर असते. ह्यांचं शेवटचं बोलणं तिच्याशीच — "खिंड ओलांडली. चहा टाक." मग नुसती खरखर. म्हणून शोध झाला तो सगळा तिच्याच बाजूला. काही हाती लागलं नाही.
"आईला थोडे दिवस इकडे आण," म्हणाली. "रस्त्यानं या हं, वहिनी."

८ मार्च
गाडी ठरवायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "गाडी नको. विमानानं जाऊ."
"आई, दहा तास लागले तर लागले. पण —"
"रस्त्यानं गेलो तर तो दिसायचा कसा?"
ऑगस्टपासून मी विमानाच्या शिडीला हात लावलेला नाही. माणसांना दारापर्यंत सोडते आणि पाठ फिरवते. त्यांना हे ठाऊक आहे. तरी म्हणाल्या.

११ मार्च
आलो. नणंदेच्या घरी बसून लिहितेय.
नवा पायलट भला माणूस. "मावशी, खिडकीशी बसा," म्हणाला. सासूबाई काचेला नाक लावून बसल्या. मी डोळे गच्च मिटून त्यांचा हात धरलेला. इंजिनाच्या घरघरीत सारखं वाटत होतं, पुढून हेच बोलतायत. डोळे उघडवेनात — उघडले असते तर दुसराच कुणी दिसला असता ना.
खिंड यायच्या आधी सासूबाईंनी माझा हात दाबला. "खाली काहीतरी चकाकलं."
"डबकं असेल, मावशी," पायलट म्हणाला. पण त्यानं एक घिरटी घातली. म्हणाला, झाडांची पानं गळलीत, आता तळ दिसतो. मी बघितलं नाही.
तोवर गप्पा मारत होता. उतरल्यावर निरोपही न घेता फोनकडे गेला.

१२ मार्च
पायलटनं वर कळवलंय. माणसं डोंगरात गेलीत.
नणंद ऐकायलाच तयार नाही. "त्या बाजूला कसं असेल? दादा म्हणाला, खिंड ओलांडली. मी या कानांनी ऐकलंय." तीनदा म्हणाली.
सासूबाई मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

१४ मार्च
सापडलं. खिंडीच्या आमच्या बाजूला, उतारावर. पायलट स्वतः सांगायला आला. "पलीकडे ढग दाटले असणार. ते मागे वळले होते. विमानाचं नाक तुमच्याकडे आहे."
सासूबाई उठल्या, चपला घातल्या. मला म्हणाल्या, "चल. तो घरी यायला निघाला होता, आणि आपण इथं."