दसऱ्याआधी काढलेलं गवत

भिवपुरी, ता. ११ ऑगस्ट २०२४

ती. दादास वनिताचा सा. न. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून भांडायचं तेही पत्रातूनच.

वहिनीचा हात बरा झाला का? दोन वर्षं तिनं माळावर आईन-हिरड्याची रोपं लावली, उन्हाळाभर डोक्यावर घागर घेऊन चढण चढली. रोपं गेलीच, यंदा चैत्रात घसरून हातही मोडला. आता म्हणते, यंदाच्या पावसात लावलेली ही चाळीस शेवटची. जळली तर माळाचं नाव काढणार नाही. दादा, ती हे गमतीत बोलत नाही.

रोपवाटिकेत बारा वर्षं काढली, त्या जोरावर सांगते. घागरीचं पाणी रोपाआधी गवतच पितं. पाऊस गेला की जमिनीतली ओलही तेच ओढतं. दसऱ्याची वाट न बघता भाद्रपदातच प्रत्येक रोपाभोवती हातभर गवत मुळासकट काढ आणि वाळवून तेच बुंध्याशी जाड पसर. माती उघडी ठेवू नकोस.

धाकटीचं एकदा तरी ऐक. माया आहे म्हणूनच एवढं बोलते.

तुझी वनिता


लोधिवली, ता. २२ सप्टेंबर २०२४

चि. वनितास अनेक आशीर्वाद.

हिरवं गवत उपटायचं म्हणजे गुरांच्या तोंडचा घास काढायचा. आपल्या आबांनी कधी दसऱ्याआधी माळाला हात लावला नाही. शिवाय गवताची रोपांना सावली होते, एवढं तरी तुझ्या रोपवाटिकेत ठाऊक असेल.

पण तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणून वीस रोपांचं तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं, वीस माझ्या गवतात ठेवली. पाणी कोणालाच नाही. लडकू गुराखी पोट धरून हसला; म्हणाला, नामादादा झाडांना गोधडी पांघरवतोय. वैशाखात मोजू. हरलीस तर पुढच्या वर्षीच्या भाऊबीजेला ओवाळणी नाही.

आशीर्वाद भरपूर आहेत, सल्ले आवर.

तुझा दादा नामा


लोधिवली, ता. १८ मे २०२५

बाय वनिता, तुला अंबावहिनीचा पोटभर आशीर्वाद. मी बोलते, नात आरोही लिवते. तुझ्या दादांच्या हातून हे पत्र व्हायचं नाय.

काल आमी दोघं माळावर गेलो. त्यांच्या विसातली दोन जगलीत. तुझ्या विसातली चौदा, बाय, चौदा! पालवी फुटलीय. एका आईनाखालचं वाळलं गवत सारून मी बोट खुपसलं. वैशाखाच्या उन्हात माती थंडगार, बोटाला चिकटली. तिथंच बसून रडले गं. दोन वर्षं मला वाटायचं, माझाच हात वाईट हाय.

हरले म्हणून गप बसतील ते तुझे दादा कसले! सकाळी लडकूला सांगत होते, गवत काढायची अक्कल आमचीच. सांगू दे. तू ओवाळणी दुप्पट माग.

आता मला शंभर रोपं पायजेत, असं मी म्हटलं. ते लगेच पहार घेऊन निघाले. हे पत्र माळावरच लिवतोय. ते खड्डे खोदतायत, आन मी बांधावर बसून सांगते, अजून खोल पायजे.

लोभ हाय तसाच ठेव, बघायला लवकर ये.

तुझी वहिनी अंबाबाई