संचिताचा कौल

प्रिय संचिता,

"जावया तर दोगांनी जावया, नायतर खंयच नको." आठवीत असताना धामापूरच्या तळ्याच्या पायरीवर बसून तू हे म्हणाली होतीस. मी तेव्हा पायाला लागलेलं शेवाळ खरवडत होते आणि मला कुठे जायचंय हे मलाच ठाऊक नव्हतं. पुढे भूगोलाचं खूळ माझ्या डोक्यात तूच घातलंस, कोल्हापूरच्या विद्यापीठाचं नावही तूच काढलंस. आता कोल्हापुरात मी एकटी आहे. फोन केला की तुला आई हाक मारते, नाहीतर गॅसवर काहीतरी असतं. म्हणून पत्र लिहायला घेतलं. रागात लिहिते आहे, हे आधीच सांगते.

इथलं सगळं बरं आहे असं मी आईला सांगते. तुला खरं सांगते. मेसमध्ये मासा नावालाही नाही. सुरुवातीला एकदा आईनं दिलेला सुक्या बांगड्यांचा डबा उघडला, तर शेजारच्या मुली नाकाला ओढणी लावून वॉर्डनबाईंकडे गेल्या. मला तो डबा बाहेर नेऊन कचऱ्यात रिकामा करावा लागला. आई उन्हात कावळे हाकत बसली होती त्या बांगड्यांपाशी. त्याच मुली खोलीत चोरून अंडी तळतात, तेव्हा कोणाला वास येत नाही. मी हे बाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, जुळवून घ्यायला शिक. म्हणजे जुळवून घ्यायचं ते मीच.

त्याहून जास्त संताप भाषेचा होतो. माझ्या खोलीत दिव्या आहे, साताऱ्याची. मुलगी वाईट नाही, मला ताप आला तेव्हा डॉक्टरकडे तिनंच नेलं. पण खोलीत कोणी नवीन आलं की म्हणते, "ए सृष्टी, मालवणीत बोल ना जरा, काय मजा येते." आपल्या घरात याच भाषेत भांडतात, याच भाषेत रडतात, देवाला गाऱ्हाणं याच भाषेत घालतात. इथे मात्र मी तोंड उघडण्याआधीच लोक हसायच्या तयारीत बसलेले असतात. सुरुवातीला मी बोलून दाखवलं. आता नाही दाखवत. वर्गात मात्र बोलते. खाडीच्या तोंडाशी वाळू कशी सरकते ते सांगताना परवा 'कुठे'च्या जागी 'खंय' आला आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. मी तेच वाक्य 'खंय'सकट पुन्हा म्हटलं. कान तापले होते, पण म्हटलं. सरांनी पुढचा प्रश्नही मलाच विचारला.

हे सगळं दोघींनी मिळून सोसायचं ठरलं होतं. म्हणूनच मी तुझ्या बाबांवर, आपल्या दाजींवर, इतकी चिडले होते. जूनमध्ये तूच मला सांगितलंस की दाजींनी तुझ्या जाण्यासाठी देवाला कौल लावला आणि कौल डावा झाला. धोंडूकाका गुरवांनी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, उजवीकडची जागच्या जागी राहिली आणि डावीकडची पडली. म्हणजे देवाचा नकार. तुझे गुण माझ्याहून जास्त, यादीत तुझं नाव माझ्या वर, आणि तुझं ठरवणार एक ओली पाकळी. सांगताना तू खाली बघत होतीस, मला वाटलं रडतेस. त्या दिवसापासून मी दाजींशी बोलणं टाकलं. मी निघाले तेव्हा ते कणकवलीच्या स्टँडपर्यंत माझी बॅग घेऊन आले, तरी मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

चतुर्थीला मी घरी येणार हे कळल्यावर तू देवगडला मामाकडे निघून गेलीस. मी तुमच्या दारात आले, तेव्हा दाजी गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीच्या चौकटीला कवंडळाची रानफळं बांधत होते. मी उंबऱ्यातूनच सुनावलं, की देवाला पुढे करून पोरीचे पाय बांधलेत आणि आता त्याच देवाला सजवताय. मथुराकाकू आतून धावत आल्या, लेकीबद्दल काही बोलणार होत्या. दाजींनी त्यांना हातानंच थांबवलं आणि मला म्हणाले, "बस गो. चाय घेतंस?"

मी चहा घेतला नाही. तशीच देवळात गेले आणि धोंडूकाकांनाही तेच ऐकवलं. ते समई पुसत होते, हातातलं फडकं तसंच राहिलं. "उजवो कौल झाललो गो," ते म्हणाले. "देव नको खंय म्हणालो?"

मी उलट्या पावली तुमच्या घरी आले. दाजींना विचारलं, तर त्यांनी मान वर केली नाही. "तिका इचार," म्हणाले. "माका वायट म्हटलंस तरी चलात." मग काकू मला दारापर्यंत पोचवायला आल्या आणि त्यांनी सांगितलं. तूच दाजींच्या पाया पडून म्हणालीस की सृष्टीला कौल डावा झाला म्हणून सांगा. म्हणाल्या, मे महिन्यात आपण चौकशीला इथे कोल्हापुरात आलो होतो, त्या दिवसापासून तू घरातही पुस्तकातल्यासारखी बोलायला बघतेस, अडखळतेस आणि गप्प होतेस.

तो दिवस मला आठवतो. खिडकीतल्या कारकुनाला तू विचारलंस, "माका हॉस्टेल गावतला मां?" त्यानं ते शेजारच्याला तुझ्याच सुरात म्हणून दाखवलं आणि अख्खी रांग हसली. फोंडा घाट उतरेपर्यंत तू बोलली नाहीस. मला वाटलं, तुला गाडी लागली.

त्या कारकुनाचा मला राग आहेच. पण संचिता, तुझा राग अधिक आहे. एका खिडकीतल्या माणसाच्या हसण्यापायी तू होय म्हणालेल्या देवाला खोटं पाडलंस आणि बापाला माझ्या शिव्या खायला लावल्यास. दाजींनी त्या मुकाट्यानं खाल्ल्या, कारण तू घाबरलीस हे कोणाला कळू नये असं त्यांना वाटलं. मलासुद्धा कळू नये. मी भित्री म्हणाले असते का तुला? हसले असते? इथे रोज मला हसतात, हसणं कसं लागतं ते तुझ्याइतकंच मला माहीत आहे.

पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. दिवाळी संपवून मी परत निघेन, तेव्हा माझ्याबरोबर गाडीत बस. चार दिवस माझ्या खोलीत राहा. दिव्याला मी सांगून ठेवलंय. एका सकाळी आपण त्याच खिडकीवर जाऊ आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश कधी सुरू होतात ते तू विचार, तुझ्या तोंडात येईल त्या भाषेत. मी तुझ्या शेजारी उभी असेन. तू नाही म्हणशील, हे लिहितानाच मला कळतंय. म्हण. फक्त या वेळी ते तुझं तू म्हण, दाजींच्या तोंडून नको.

तुझीच, अजून रागावलेली,
सृष्टी